अब्बा म्हणाले ते आणि मी सांगितले ते

हे मी आजवर कुणालाही सांगितलेले नाही. माझ्या नवऱ्याला यातला अर्धा भाग ठाऊक आहे, पण तो मी सांगितला म्हणून नव्हे. तो तिथे हजर होता म्हणून. उरलेला अर्धा माझ्याखेरीज कुणाजवळ नाही. ज्या दोघांना तो ठाऊक असायला हवा होता, त्यांतले एक आता या जगात नाहीत. आणि दुसऱ्या — दुसऱ्यांकडे मी अजूनही चहाला जाते.

मी दुबईतल्या एका भारतीय शाळेत इतिहास शिकवते. उत्तर कसे लिहावे याचा माझा एक ठरलेला क्रम आहे आणि तो मी दर वर्षी नव्या वर्गाला सांगते: आधी घटना, मग कारणे, मग परिणाम. कारणे आधी लिहू नका, असे मी बजावते. कारणे आधी आली की त्यांच्या सबबी होतात. आणि पाहा, आज घटना सांगायची वेळ माझ्यावर आली आहे, तर मला सारखे वाटते आहे की आधी थोडी कारणे सांगावीत. अब्बा कोण होते ते सांगावे. आमच्या घरात भाषांतर कसे चालायचे ते सांगावे. त्याशिवाय तुम्हाला काही उमगणार नाही, हे खरे. पण मी ते कशासाठी सांगते आहे, हे मलाच नीट ठाऊक नाही — हेही तितकेच खरे.

माझे वडील सुकाणी होते. रत्नागिरीच्या खाडीकाठच्या आमच्या मोहल्ल्यात जवळजवळ प्रत्येक घरातला एक तरी माणूस परदेशी जाणाऱ्या जहाजावर असायचा. कुणी इंजिनात, कुणी स्वयंपाकघरात. अब्बा चाकावर असत. सुकाणी म्हणजे ज्याच्या हातात जहाजाचे चाक असते तो माणूस. पण जहाज कुठे न्यायचे हे तो ठरवत नाही. ते कप्तान ठरवतो. कप्तानाने हुकूम दिला की सुकाण्याने तोच हुकूम मोठ्याने, एकही शब्द न बदलता, परत म्हणायचा. मग चाक फिरवायचे. आणि जहाज वळले की तसे कळवायचे. ऐकलेले बरोबर ऐकले की नाही, याची ती पडताळणी असते. अब्बांचे सारे इंग्रजी या हुकुमांपुरते होते — उजवीकडे, डावीकडे, सरळ, सावकाश, थांबा. पण तेवढे मात्र पक्के होते.

अम्मी गेल्यावर आम्ही त्यांना अल बर्शामधल्या आमच्या फ्लॅटमध्ये आणले. किराणेवाला, टॅक्सीवाला, मशिदीतले सोबती — या सगळ्यांशी त्यांचे हिंदी उत्तम चालायचे. पण दवाखाना आणि सरकारी कचेरी म्हटली की मध्ये मी. आणि मी भाषांतर करायचे म्हणजे काय करायचे? सुधारायचे. डॉक्टरांनी विचारले, गोळ्या रोज घेता का? अब्बा म्हणायचे, "सांग त्याला, आठवण झाली की घेतो. कवा कवा नाय बी होत." मी डॉक्टरांना सांगायचे, रोज घेतात. एकदा लिफ्टमध्ये ते मला म्हणाले, "बाय, मी एवढं लांबलचक बोललो, तू दोन शब्दात उरकलंस. काय सांगितलंस त्याला?"

"जे सांगायला हवं होतं ते."

"मग मला कशाला आणलंस? तूच आजारी पडायचं व्हतं."

आम्ही दोघेही हसलो होतो. घरी येऊन मी तो किस्सा नवऱ्यालाही सांगितला होता. मुलांच्या उत्तरपत्रिकेत चुकीचा शब्द दिसला की माझा हात थांबत नाही, तसेच हे — असे मला वाटायचे. त्यात काही वावगे आहे, हे माझ्या मनातही आले नाही.

आता लान. ती आमच्या शाळेची ग्रंथपाल. व्हिएतनाममधले युद्ध संपल्यावर जी लाखो माणसे लाकडी होड्यांतून समुद्रात निघाली, त्यांत तिचे आईवडील आणि मोठा भाऊ होते. वडील समुद्रातच राहिले. लान मलेशियातल्या निर्वासितांच्या छावणीत जन्मली, दूरच्या एका देशाने त्यांना आसरा दिला, तिथेच ती शिकली, आणि नोकरीसाठी इकडे आली. म्हातारी आई तिच्याजवळच असते. इंटरनॅशनल सिटीत त्यांचे घर आहे. मी लानला एकदा सहज बोलून गेले होते की माझे वडील त्या काळात त्याच समुद्रात मालवाहू जहाजावर होते. तिने ते लक्षात ठेवले.

तीन-चार वर्षांपूर्वी ज्या देशाने लानच्या कुटुंबाला आसरा दिला, त्या देशाच्या इथल्या वकिलातीने त्या निर्वासितांच्या स्मरणार्थ एक समारंभ ठरवला. युद्धात गेलेले, समुद्रात गेलेले, आणि जे पोहोचले ते — सगळ्यांची आठवण. लानला त्यात होडीतल्या एका माणसाने बोलावे असे वाटत होते, आणि जहाजावरच्या एकाने. होडीतली तिची आई. आणि जहाजावरचे?

"तुझे वडील येतील का गं?" तिने मला विचारले. "तू भाषांतर कर. मी आईचं करीन."

मी म्हटले, विचारते. अब्बा नाही म्हणतील अशी माझी खात्री होती. समुद्रावरच्या गोष्टी ते क्वचित सांगत, आणि सांगत त्या गमतीच्या.

रविवार होता. अब्बा खाली वर्तमानपत्र पसरून कोळंबी सोलत बसले होते. ते काम ते दुसऱ्या कुणाला करू देत नसत. मी विषय काढला. त्यांचे हात थांबले. "येनार," ते म्हणाले. लगेच. मग पुन्हा सोलायला लागले, आणि सोलता सोलता, मान वर न करता, त्यांनी मला ते सांगितले.

त्यांचे जहाज सिंगापूरहून वर निघाले होते. अब्बा चाकावर होते. पुढे पाण्यात काहीतरी दिसले — आधी वाटले झाडाचा ओंडका असेल. मग त्यावर माणसे दिसली. एवढी की होडीच्या कडा पाण्याला टेकलेल्या. कुणी सदरा काढून हलवत होते. एका बाईने तान्हे मूल दोन्ही हातांनी डोक्यावर धरले होते. अधिकाऱ्याने कप्तानाला बोलावले. कप्तानाने दुर्बीण लावली, बराच वेळ पाहिले आणि दुर्बीण खाली ठेवली. ही माणसे चढवून घेतली तर पुढचे बंदर आपल्याला आत घेणार नाही, माल पडून राहील, असे तो अधिकाऱ्याला म्हणाला. मग त्याने हुकूम दिला: उजवीकडे दहा अंश. होडीपासून दूर.

"मी तोच परत बोललो," अब्बा म्हणाले. "माझ्या तोंडानं. मग चाक फिरवलं. ह्या हातांनी."

मी म्हटले, अब्बा, तुमच्या हातात काय होते? हुकूमच होता.

"हातात चाक व्हतं," ते म्हणाले. "आनखी काय असायला पायजे?"

होडी मागे पडेपर्यंत त्यांनी पुन्हा तिकडे पाहिले नाही. सुकाण्याने नजर होकायंत्रावर ठेवायची असते. "काम व्हतं म्हनून बगितलं नाय, असं नाय," ते म्हणाले. "काम व्हतं त्याचा मला आडोसा झाला." गावी आल्यावर त्यांनी ते अम्मीला सांगितले नाही. मशिदीत कुणाला सांगितले नाही. अल्लाकडे माफी मागितली — रोज मागितली. पण ज्यांचा गुन्हा केला त्यांतले कुणी कधी समोर आले नाही. आता येणार होते.

"तितं जाऊन मी ह्येच बोलनार. तू फक्त सांग त्यांना."

मी म्हणाले, अब्बा, तो सरकारी समारंभ आहे. मोठी माणसे येतील. लोकांना काय वाटेल?

"जे वाटायचं ते वाटंल."

मी "बरं" म्हटले. पुढच्या आठवड्यात लानने विचारले, अब्बा काय सांगणार आहेत? मी म्हणाले, त्या काळच्या आठवणी. हे वाक्य खोटे नव्हते. पण मी ते इतक्या सहज कसे उच्चारले? मी तेव्हाच तिला सांगू शकले असते. ग्रंथालयात आम्ही दोघीच होतो, कुणाचे कान तिकडे नव्हते. मी पुढे जे केले ते सभागृहात अचानक घडले असे मी पुष्कळ दिवस स्वतःला समजावत होते. अचानक? ज्या दिवशी मी लानला ते पुसट उत्तर दिले, त्या दिवशीच मी त्याला जागा करून ठेवली होती.

समारंभ जुमेरा लेक टॉवर्समधल्या एका हॉटेलात झाला. व्यासपीठावर फुले, दोन झेंडे, मागच्या पडद्यावर होड्यांची छायाचित्रे. वकिलातीचे प्रमुख बोलले, मग सगळे उभे राहून स्तब्ध झालो. आमच्या शाळेच्या प्राचार्या पहिल्या रांगेत होत्या. आमच्या शाळेतून दोघी व्यासपीठावर होत्या याचा त्यांना अभिमान वाटत होता, तसे त्यांनी बाजूच्या पाहुण्यांना सांगितलेही. तिथे मराठी समजणारे आम्ही तिघेच होतो — अब्बा, मी, आणि तिसऱ्या रांगेत माझा नवरा.

आधी लानची आई बोलली. लहानखुरी, करड्या केसांची बाई. ती चार वाक्ये बोले आणि लान ती इंग्रजीत सांगे. मी अब्बांच्या कानाशी वाकून तेच मराठीत सांगत होते. पाणी संपले होते. जहाजे दिसत होती आणि निघून जात होती. एका जहाजाच्या मागे तिचा नवरा पोहत गेला. हाका मारत गेला. जहाज थांबले नाही आणि तो परत आला नाही. मग तिने आणखी काहीतरी सांगितले आणि लान गप्प झाली. आईने तिच्याकडे पाहिले. लान म्हणाली, "आई सांगते आहे, की तिच्याजवळ शेवटी थोडं पाणी होतं. शेजारच्या बाईने आपल्या मुलीसाठी मागितलं. आईने संपलं म्हणून सांगितलं. ते तिने माझ्या भावाला दिलं." तिने ध्वनिक्षेपक दुसऱ्या हातात घेतला. "ही गोष्ट मीसुद्धा आज पहिल्यांदा ऐकते आहे," लान म्हणाली, आणि पुढच्या वाक्याकडे वळली.

मी हे मुद्दाम लिहिते आहे. माझ्यासमोर उदाहरण होते. माझ्याच सारखी एक मुलगी, माझ्याच सारखे आईचे शब्द दुसऱ्या भाषेत नेणारी, माझ्यापासून हाताच्या अंतरावर. तिने एक शब्दही गाळला नाही. मला दुसरे काही ठाऊक नव्हते, असे मी म्हणू शकत नाही.

शेवटी एक जहाज थांबले. दोराची शिडी सोडली. वर गेल्यावर खलाशांनी डब्यातले गोड दूध पाण्यात कालवून दिले. हे सांगून लानची आई म्हणाली — तिचे हे वाक्य मला पाठ आहे — "जे थांबले त्यांच्याबद्दल मला सगळं ठाऊक आहे. जे थांबले नाहीत त्यांना मी एकच विचारलं असतं. तुम्ही आम्हाला पाहिलं होतं का? की आम्ही दिसलोच नव्हतो?"

हेही मी अब्बांना मराठीत सांगितले. शब्दशः. तेवढे मात्र मी प्रामाणिकपणे केले, आणि त्यामुळेच पुढचे अधिक वाईट झाले.

अब्बा उभे राहिले. ध्वनिक्षेपक त्यांनी घेतला नाही. ते सभेकडे नव्हे, लानच्या आईकडे वळले.

"बाईंना सांग," ते मला म्हणाले. "सांग, आमी बगितलं व्हतं. चांगलं बगितलं व्हतं. आमी थांबलो नाय. चाक माझ्या हातात व्हतं. मला माफी पायजे."

पाच लहान वाक्ये. कोणत्याही वर्गातल्या मुलाने भाषांतर केले असते.

मी तोंड उघडले. प्राचार्या हसऱ्या चेहऱ्याने माझ्याकडे पाहत होत्या. वकिलातीचे प्रमुख किंचित पुढे झुकले होते. छायाचित्रकार खाली गुडघ्यावर बसला होता. आणि मला — खरे सांगते — त्या क्षणी अब्बांचे दुःख दिसले नाही, त्या बाईंचे दुःख दिसले नाही. मला माझी खुर्ची दिसली, ज्यावर मला दोन मिनिटांनी पुन्हा बसायचे होते. या सगळ्यांच्या देखत. त्या माणसाची मुलगी म्हणून.

मी म्हणाले, "माझे वडील सांगताहेत की त्यांनी तुम्हाला पाहिलं होतं. त्यांच्या जहाजाने अशीच एक होडी पाहिली होती. आणि ते थांबले."

ते थांबले. मी इथेही थांबले असते तरी — नाही, नसते चालले. पण मी थांबलेही नाही. मी आणखी सांगितले. दोराची शिडी सांगितली. डब्यातले दूध सांगितले. ते मला कुठून सुचले? त्या बाईंच्याच तोंडून पाच मिनिटांपूर्वी ऐकलेले होते. मी त्यांचेच शब्द उचलले आणि त्यांनाच परत केले.

त्या उठल्या. त्यांना चालायला त्रास होत होता, तरी लानचा हात त्यांनी घेतला नाही. अब्बांजवळ येऊन कमरेतून वाकल्या, मग त्यांचे दोन्ही हात आपल्या हातांत धरले आणि रडल्या. सगळे सभागृह उभे राहिले. टाळ्या. अब्बा त्यांच्याकडे पाहत होते. मग त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिले. तो चेहरा मी इथे वर्णन करून दाखवणार नाही. तेवढा अधिकार मला उरलेला नाही.

अब्बांना काचेचे सन्मानचिन्ह दिले. ते त्यांनी एका हाताने घेतले; दुसरा त्या बाईंनी सोडला नव्हता.

खाली गाडीकडे जाताना नवरा माझ्या कानाशी हळूच म्हणाला, "यल्ला, चला, सुटलो. निभावलंस तू. नाहीतर काय झालं असतं?" अब्बा मागच्या सीटवर बसले. शेख झायेद रोडवर आल्यावर ते बोलले.

"बाय. तू 'स्टॉप' म्हनालीस."

मी सीटचा पट्टा उगाच घट्ट केला.

"तेवढं इंग्लिश मला येतं. जल्मभर ऐकलंय." मग बऱ्याच वेळाने: "आमच्यात ऐकलेलं हाय तसंच परत बोलतात. बदलत नायत. बदललं तर जहाज खडकावर जातं."

नवऱ्याने रेडिओ लावला. मी म्हणाले, अब्बा, तिथे सगळ्यांसमोर शक्य नव्हते. मी लानच्या घरी जाऊन त्यांना एकट्यांना सांगेन. नीट सांगेन.

"नक्की?"

"नक्की. इन्शाल्ला."

मी गेले. पुढच्याच आठवड्यात गेले. त्यांनी माझ्यासाठी फळे कापून ठेवली होती. भिंतीशी एका फळीवर लानच्या वडिलांचे छायाचित्र, त्यापुढे उदबत्ती आणि चहाची लहान पेली. लानच्या आईने माझा हात धरून मला सांगितले — लान भाषांतर करत होती — की त्या रात्रीपासून तिला चांगली झोप लागते. ती विचारत होती, ते तेच जहाज असेल का? मी म्हणाले, कोण जाणे. असेलही.

असेलही! ते तेच जहाज नव्हते, हे त्या खोलीत मला एकटीला पक्के ठाऊक होते. मी फळे खाल्ली आणि परत आले.

अब्बा दाराशीच उभे होते. "सांगितलंस?" मी म्हणाले, आज लान घाईत होती. पुढच्या वेळी आईला बरे नव्हते. त्यापुढे परीक्षा होत्या. अब्बांनी कधी आवाज चढवला नाही. एकदा फक्त म्हणाले, "मला घेऊन चल. मी हातवारे करून सांगीन." मी नेले नाही.

मग त्यांची किडनी गेली. घर आणि इस्पितळ अशा फेऱ्या सुरू झाल्या. तिथेही मी डॉक्टरांना सांगत होते, आणि डॉक्टर सांगत ते अब्बांना — दोन्हीकडून थोडे थोडे सुधारून. एके दुपारी ते उशीला टेकून बसले होते. त्यांनी विचारले, "सांगितलंस काय त्या बाईला?"

मी म्हणाले, "हो."

हे ते. हाच तो अर्धा भाग, जो नवऱ्यालाही ठाऊक नाही. सभागृहातली गोष्ट भित्रेपणाची होती. तिला साक्षीदार होते, टाळ्या होत्या, घाई होती. इथे काय होते? एक खोली, एक म्हातारा माणूस, आणि मी. घाई मुळीच नव्हती.

ते सरळ बसले. "काय म्हनाली?"

मी म्हणाले, त्यांनी सगळे ऐकून घेतले.

"तिच्या तोंडचं सांग. हाय तसं."

मी रचले. त्यांच्यासाठी मी एका बाईचे वाक्य रचले — जी बाई जिवंत होती, मेट्रो आणि बसने जाता येईल इतक्या अंतरावर होती, आणि जिला हे काहीही ठाऊक नव्हते. मी म्हणाले, "त्या म्हणाल्या — तुम्ही आम्हाला पाहिलं होतं, हे कळलं. मी तुम्हाला माफ केलं."

अब्बांनी डोळे मिटले. मग ते वाक्य त्यांनी परत म्हटले. मोठ्याने, स्पष्ट, एकही शब्द न बदलता — हुकूम परत म्हणायची त्यांची जी पद्धत होती, तसे. "तुम्ही आम्हाला पाहिलं होतं, हे कळलं. मी तुम्हाला माफ केलं." आणि माझ्याकडे पाहिले. बरोबर ऐकले ना, याची पडताळणी.

मी मान हलवली.

त्यानंतर त्यांनी तो विषय पुन्हा काढला नाही. त्यांचे जेवण थोडे सुधारले. नमाज झाल्यावर दुआसाठी वर धरलेले हात पूर्वीपेक्षा लवकर खाली येत. त्यांनी त्या बाईंसाठी दुआ केली ती मी ऐकली. पुढे काही आठवड्यांनी ते गेले आणि आम्ही त्यांना इथेच मातीत ठेवले. शांतपणे गेले, असे सगळे म्हणाले. मीही म्हणाले.

मग मला वाटले की निदान त्यांना शांती मिळाली. हे वाक्य मी स्वतःला किती वेळा ऐकवले आहे! पण मी त्याचे नीट पृथक्करण केले आहे, जसे वर्गात एखाद्या दाव्याचे करतो. अब्बांना शांती नको होती. शांती हवी असती तर ते त्या सभागृहात आलेच नसते. त्यांना त्या बाईंसमोर उभे राहून त्यांच्या मनात येईल ते ऐकायचे होते — शिव्या असत्या तरी, माफी नाकारली असती तरी. आणि त्या बाईंना कृतज्ञ व्हायचे नव्हते. त्यांना एका प्रश्नाचे उत्तर हवे होते, आणि ते उत्तर त्यांच्यापुढे उभे होते, बोलत होते, होय म्हणत होते. जवळजवळ पन्नास वर्षे दोन माणसे एकमेकांना शोधत होती म्हणा ना. ती भेटली. मध्ये मी होते.

अब्बा गेल्याचे कळल्यावर लान आईला घेऊन आमच्याकडे आली. म्हातारीने कोचावर माझ्याजवळ बसून माझ्या पाठीवरून हात फिरवला. निघताना तिने लानच्या तोंडून एक मागणी केली. त्यांच्याकडे घरातल्या गेलेल्या माणसांची छायाचित्रे एका जागी ठेवतात आणि त्यांना रोज उदबत्ती आणि चहा दाखवतात. अब्बांचे एक छायाचित्र तिला तिथे ठेवायचे होते. आमच्या धर्मात चालेल का, हेही तिने अदबीने विचारले.

ती वेळ होती. त्याहून चांगली वेळ मला पुन्हा मिळणार नव्हती, हे मला तिथल्या तिथे समजले होते. नवरा माझ्याकडे पाहत होता, आणि या वेळी त्याच्या चेहऱ्यावर सुटल्याचा भाव नव्हता.

मी आत गेले, कपाटातून अब्बांचे छायाचित्र काढले, फ्रेमची काच पुसली आणि तिच्या हातात दिले.

तिने ते तिच्या नवऱ्याच्या शेजारी ठेवले आहे. जो एका जहाजामागे हाका मारत पोहत गेला, त्याच्या शेजारी तो माणूस, ज्याने चाक फिरवले. मी त्यांच्या नववर्षाला जाते तेव्हा मला त्या फळीसमोरच बसवतात. दोघांपुढे सारखीच चहाची पेली असते. लानच्या आईने शिकून घेतलेला एक मराठी शब्द आहे, तो ती अब्बांच्या छायाचित्राकडे पाहून म्हणते. तो शब्द आहे "आभारी". तो तिला मीच शिकवला. उच्चार दोनदा सुधारून दिला.

हे मी मराठीत लिहिते आहे. लानला मराठी वाचता येत नाही, तिच्या आईला तर नाहीच. याचा अर्थ काय होतो तो मला ठाऊक आहे. निदान त्याला तरी मी सुधारून दुसरा अर्थ देणार नाही.

घटना अशी आहे. त्या जहाजाने ती होडी पाहिली. ते थांबले नाही. चाक माझ्या वडिलांच्या हातात होते, आणि त्यांनी हे तिच्यासमोर उभे राहून, तिच्या डोळ्यांत पाहून सांगितले. मी ते तिच्यापर्यंत पोहोचू दिले नाही. त्या दिवशी नाही, त्यानंतर नाही, आणि परवा तिने माझ्या पेल्यात चहा ओतला तेव्हाही नाही.